हा डाग काढावा

हौशीराम सरांनी चौतीस वर्षं शाळेतल्या पोरांना वांगं काढायला शिकवलं. वांगं, शेजारी सुरई, मागं घड्या पडलेली चादर. ड्रॉइंगच्या परीक्षेत ह्याला स्थिरचित्र म्हणतात. चौतीस वर्षांत एकाही पोराचं वांगं त्यांना पटलं नाही. मग ते रिटायर झाले, चांगला भारीतला कॅमेरा घेतला आणि काय केलं? वांगं, शेजारी सुरई, मागं चादर. आता त्याचे फोटो काढतात. फरक एवढाच, की पूर्वी पोरं रडायची आणि आता त्यांच्या मंडळातले डॉक्टर रडतात.

मी कासम. जुन्नरात माझं फ्रेमचं दुकान आहे. लोकांचे देव, लोकांची लग्नं आणि लोकांची मेलेली माणसं मी तीस वर्षं काचेमागं बसवतोय. खाली दुकान, वर एक खोली, खोलीत कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला मोठा टीव्ही. सरांनी गावातली पाच-सात हौशी माणसं गोळा करून 'स्थिरचित्र मंडळ' काढलं, तेव्हा त्यांना बसायला जागा पाहिजे होती. मग काय, खोली माझी, टीव्ही माझा, चहा माझ्या झुबेदाचा आणि अक्कल तेवढी सरांची! दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ही जत्रा भरते.

एकेक नग आहे राव. दातांचे डॉक्टर आहेत, ते बाजारातल्या द्राक्षांवर पिचकारीनं पाणी मारतात आणि पहाटेचं दव म्हणून सांगतात. सुभाष शेठ आहेत, खताच्या दुकानाचे. त्यांनी भंगारातून एक कंदील आणलाय. टोमॅटोशेजारी कंदील, आंब्याशेजारी कंदील, पोथीशेजारी कंदील. घरात इन्व्हर्टर आहे आणि ह्यांना कंदिलाचा पुळका! एक मॅडम आहेत, त्या कशातही मोरपीस खोचतात. गेल्या हिवाळ्यात तर पिठाची साथ आली. कुणीतरी मोबाइलवर परदेशातल्या पावाचा फोटो बघितला, पावाखाली भुरभुरलेलं पीठ. झालं. वांग्याखाली पीठ, अंड्याखाली पीठ, चष्म्याखाली पीठ. माझी आई असती तर अन्नाची नासाडी करता म्हणून एकेकाच्या पाठीत लाटणं घातलं असतं.

आणि ह्या सगळ्यांवर सर. टीव्हीवर फोटो आला की ते आधी बोलतच नाहीत. एक डोळा मिटतात, हात लांब करून पेन्सिल आडवी धरतात, मग उभी धरतात. मग पिशवीतून जाड वही काढतात आणि समोरचा अख्खा फोटो पेन्सिलनं वहीत काढतात! अहो, फोटो समोर आहे, मागितला तर दोन मिनिटांत प्रिंट देतो, पण नाही. वीस-वीस मिनिटं हा माणूस वांग्याचं देठ गिरवत बसणार आणि सगळी सभा चहा गार होताना बघत बसणार. चित्र झालं की लाल पेन्सिल. जे पटलं नाही त्याला लाल गोल आणि खाली शेरा. 'नजर पळते.' 'सुरई उपरी वाटते.' मग मान वर करून तो ठरलेला प्रश्न, "ही वस्तू इथे का आहे?"

ह्या प्रश्नाला मंडळात कुणाला कधी उत्तर देता आलेलं नाही. ठेवली म्हणून आहे, दुसरं काय!

मी एकदा म्हणलं, "सर, वेळ वाचावा म्हणून तर फोटो निघाले. तुम्ही पुन्हा कशाला काढत बसता?" तर म्हणतात, "कासम, आपण खरंच बघितलं की नाही, ते हाताला कळतं." असली वाक्यं टाकायची आणि चष्मा पुसायचा.

माझ्या मनात त्यांच्याबद्दल अढी होती, लपवत नाही. मीपण एकदा फोटो ठेवला होता. माझ्या वडिलांची हत्यारं. त्यांची हातोडी, काच कापायचा हिरा, घासून पिवळी पडलेली पट्टी. मनापासून काढला होता. सरांनी वीस मिनिटं गिरवलं आणि म्हणाले, "हत्यारं वडिलांची आहेत, पण मांडली आहेस दुकानदारासारखी." सगळे हसले. कंदीलवालेसुद्धा हसले! त्या दिवसापासून ठरवलं, ह्या माणसाची एकदा चारचौघांत जिरवायची. दोन वर्षं मी वाट बघत होतो.

ह्या माघात निमगाव सावाच्या गजरावैनी दुकानात आल्या. बरोबर सून, सुप्रिया. वैनींचा नवरा बहिरू माझ्या वडिलांपासूनचा ओळखीचा. कांदा निघाला की त्याची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायची. त्यांच्या भावकीतल्या बहुतेकांनी मेंढरं सोडून शेती धरली, पण बहिरूनं कळप सोडला नाही. मग गुडघे गेले, बिबट्या रोज एक मेंढी उचलायला लागला, बहिरूनं अंथरूण धरलं. वैनींनी त्याला न विचारता कळप विकला. चार महिन्यांनी बहिरू गेला. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

"दहाव्याला कावळा शिवना, कासमभाऊ," वैनी स्टुलावर बसत म्हणाल्या. "दोन तास बसलो उन्हात. समद्यांनी हात जोडलं. शेवटाला दर्भाचा कावळा क्येला. आन माझा थोरला दीर, जानकू, भर घाटावर बोलला. म्हनला, मेंढरं इकली, त्यात ह्याचा जीव अडकलाय. ह्या बाईनं अडकवला."

त्यांच्या घरात एक रीत आहे. माणसानं जिथं प्राण सोडला तिथं पीठ पसरतात, त्यात दिवा ठेवतात, वर दुरडी झाकतात. सकाळी दुरडी उचलून पिठात काय उमटलंय ते बघतात. ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेला. काहीच उमटलं नाही तर तो कुठंच गेला नाही, तिथंच घुटमळतोय.

"अकराव्याच्या सकाळी दुरडी उचलली," वैनी म्हणाल्या. "कोकराचा खूर, भाऊ. एकच. पर सपष्ट. मेंढरातच ग्येला त्यो. मी लई रडले, पर सुखानं रडले."

जानकू आदल्या दिवशीच आंबेगावकडं आपल्या घरी निघून गेला होता. त्याला निरोप गेला, तर उलटा निरोप आला, "खूर मी वळखतो. खरा कंचा आन बोटानं काढलेला कंचा, त्येबी वळखतो. वरीसश्राद्धाला येतो, तवा दाव. खरा निघाला तर तुझ्या हातचं जेवतो. न्हाईतर भावकीतलं एक मानूस तुझ्या पंगतीला बसनार न्हाई."

सुप्रियानं त्या सकाळी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. मयताचं आहे, गावभर फिरवायचं नाही म्हणून वैनींनी तो कुणाला पाठवू दिला नव्हता. दिवाळीत तो मोबाइल विहिरीत पडला. वाचलं ते फक्त मेमरी कार्ड. वैनींनी ते लुगड्याच्या पदराला गाठ मारून आणलं होतं. गाठ सोडून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "जसंच्या तसं मोठं करून दे. बुधवारी श्राद्ध हाय."

खूर कसा उमटला, मला विचारू नका. आमच्यात हे नाही. पण बाईच्या डोळ्यांत ते होतं आणि मला तेवढं पुरे होतं. मी म्हणलं, "वैनी, काळजी सोडा."

कार्ड लावलं आणि फोटो बघितला. सारवलेली जमीन, पिठाचा गोल, एका बाजूला विझलेला दिवा, कडेला उचलून ठेवलेली दुरडी. दारातून ऊन तिरकं आलेलं. आणि पिठात पुढच्या बाजूला ती खूण, दोन लांबट पाकळ्या, मधे फट. मंडळानं जन्मात असा फोटो काढला नसता. आणि तिथंच माझ्या डोक्यात सैतान शिरला. पीठ! दिवा! दुरडी! अरे, हा तर मंडळाचाच माल! आणि रविवार दोन दिवसांवर.

रविवारी मी फोटो टीव्हीवर लावला. म्हणलं, एका मेंबरचा आहे, नाव मागनं सांगतो. सुभाष शेठ जरा चुळबुळले. त्यांना पीठ-दिवा बघून काहीतरी आठवलं असणार, पण सरांच्या आधी बोलणार कोण? सरांनी डोळा मिटला, पेन्सिल आडवी, पेन्सिल उभी, वही काढली. त्या दिवशी वीस नाही, चांगली चाळीस मिनिटं. मी गालातल्या गालात हसत होतो. काढा, म्हणलं, काढा.

"उत्तम," सर शेवटी म्हणाले. "दिवा मधोमध नाही, हे चांगलं. दुरडी अर्धी बाहेर, हे फार चांगलं. पहिल्यांदाच इथे कुणीतरी मांडामांड केलेली नाही." मग लाल पेन्सिल निघाली. "फक्त पुढचा हा डाग. पीठ पसरताना बोटं लागलेली दिसतात. हा डाग इथे का आहे?"

मला तर आतून उकळ्या फुटत होत्या.

"मग काढू का सर?" मी अगदी गरीब तोंड करून विचारलं.

"काढ. बघू कसं दिसतं."

मी माउस धरला. शेजारचं पीठ उचललं, खुणेवर ठेवलं. चार फटके. खूर गेला. पीठ कसं गुळगुळीत, कोरं. डॉक्टर म्हणाले, "वा!" मॅडम म्हणाल्या, "आता शांत वाटतं." आणि मी खुर्ची फिरवून उभा राहिलो. दोन वर्षं पाठ केलेलं भाषण होतं ते.

"सर, चौतीस वर्षं पोरांना बघायला शिकवलंत ना? तो डाग नव्हता. तो कोकराचा खूर होता. एक माणूस मेला त्या जागेचा हा फोटो आहे. त्याच्या बायकोनं जपून ठेवलेली खूण तुम्ही डाग म्हणून पुसायला लावली!"

सुभाष शेठ पुटपुटले, "तरी मला वाटलंच." सरांचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता वाद घालतील, नाहीतर उठून जातील. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "मूळ फोटो आहे ना?"

"आहे की!" मी हसत म्हणलं आणि टीव्हीकडं वळलो.

तीस वर्षं माझ्या हाताला एक सवय आहे. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचा मुरूम पुसायचा आणि सेव्ह दाबायचं. पुसायचं, दाबायचं. भाषणाच्या घाईत मी तेच केलं होतं. फोटो कार्डावरूनच उघडला होता, कार्डावरच सेव्ह झाला होता. कॉपी काढलीच नव्हती. कार्ड उघडलं तर तिथं कोरं पीठ. मी तीनदा बंद करून तीनदा उघडलं. तिन्ही वेळा कोरं पीठ.

मंडळ एकेक करून जिना उतरून गेलं. जिरवायला निघालो होतो, आणि जिरली कुणाची?

सोमवारी मोबाइलवाल्याकडं कार्ड घेऊन गेलो. त्यानं सुप्रियाचे जुने सेल्फी काढून दिले, एका लग्नातली मिरवणूक काढून दिली, खूर काही निघाला नाही. घरी येऊन मी कॉम्प्युटरवर मेंढीच्या खुराचे फोटो शोधायला लागलो. एखादा चांगला बघून पिठात चिकटवला तर कोण ओळखतंय! झुबेदा पाठीमागं उभी होती.

"ज्या जानकूनं जन्मभर मेंढरं राखली, त्याला इंटरनेटचा खूर दाखवणार?" ती म्हणाली. "आणि त्या बाईला काय, खोट्या पावलावर रडायला लावणार? लाज वाटू द्या जरा."

वाटली. खोटं कशाला बोलू, मला माझीच किळस आली. सरांना नावं ठेवता ठेवता मी एका विधवेचा नवरा पुसून टाकला होता. कोऱ्या पिठाचा अर्थ मला माहीत होता. वैनींनीच सांगितला होता, ह्याच दुकानात, ह्याच स्टुलावर बसून.

मंगळवारी सकाळी सर आले; झुबेदानं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. वर आले नाहीत, दारातच उभे राहिले. पिशवीतून वही काढली आणि काउंटरवर उघडून ठेवली.

पानावर सगळं होतं. जमीन, पीठ, दिवा, अर्धी दुरडी. आणि पुढं, लाल गोलात, ती खूण. दोन पाकळ्या, मधली फट, एक पाकळी दुसरीपेक्षा किंचित लांब, टोकाशी पिठाची कड उचललेली. खाली शेरा, तारीख आणि सही. ज्या गोष्टीला मी दोन वर्षं हसत आलो, तेवढीच गोष्ट शिल्लक राहिली होती.

"मी काढलं तसं ते होतं," सर म्हणाले. "काय आहे हे मला कळलं नाही, हा दोष माझा. पण होतं असंच. उद्या मलाही ने."

बुधवारी सरांच्या स्कूटरवर मागं बसून मी निमगावला गेलो. दारात मांडव, भावकीची पंधरा-वीस माणसं, आणि ओट्यावर वेगळा बसलेला जानकू. पंच्याहत्तरीचा, पांढरं पागोटं, हातात काठी. वैनी बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, हसायला म्हणून लावला होता हेपण सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"माझ्या मालकाचं तू हसं केलंस," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या हातावर त्यो जीव ठिवला व्हता, भाऊ."

मला मान वर करता येईना. सर पुढं झाले आणि त्यांनी वही वैनींच्या हातात दिली. वैनींनी पान बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पदर तोंडाला लावला आणि तशाच ओट्याकडं गेल्या. वही जानकूच्या मांडीवर ठेवली.

"ह्ये काय? फोटू कुटं हाय?" जानकू म्हणाला. "पेन्सिलनं काय, मीबी काढंन!"

"आधी बघा तर, भावजी."

जानकूनं वही लांब धरली, जवळ आणली. बोट खुणेवरनं फिरवलं.

"डावा," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "पुढला. भाहेरची नखी लांब... चार-पाच म्हैन्याचं कोकरू. बोटानं असं उमटत न्हाई." त्यानं मान वर केली. "मास्तर, कंदी मेंढरं राखली का?"

"नाही," सर म्हणाले. "जवळून पाहिलीसुद्धा नाहीत."

"मग ह्ये काय म्हनून काढलं?"

"डाग म्हणून. बोटं लागली असं वाटलं मला. मला ते तिथे नको होतं. खाली लिहिलंय."

"काय लिव्हलंय? वाच गं पोरी."

सुप्रियानं वाकून वाचलं. "पुढच्या भागातला हा डाग नजर अडवतो. हा डाग काढावा."

जानकू काठीवर हनुवटी टेकून बसला. त्या शेऱ्यासाठी मी सरांना किती शिव्या घातल्या असत्या! आता पंधरा-वीस माणसं तो शेरा पंचांच्या निकालासारखी ऐकत होती.

"जे पायजे असतं ते मानूस खोटं काढंल," जानकू सावकाश भावकीला म्हणाला. "नको असल्यालं कोन खोटं काढंल?" मग त्यानं वही कपाळाला लावली. "बहिऱ्या, ग्येलास म्हन की लेका, मेंढरात." काठी टेकत तो उठला, पंगतीच्या पहिल्या पाटावर जाऊन बसला आणि म्हणाला, "वाढ गं, गजरा."

वैनींनी वाढलं. सरांना जानकूच्या शेजारी पाट दिला. मला पंगतीच्या टोकाला. योग्यच होतं.

जेवणं झाल्यावर सरांनी वहीतून ते पान काढून दिलं, पट्टी लावून, हळू, कड न फाटता. वैनींनी ते मला दिलं. मला! दुसरा फ्रेमवाला मिळाला असता त्यांना, तरी मलाच. माझा जीव भरून आला आणि काहीतरी चांगलं करून दाखवावं असं वाटलं.

"वैनी, चांगली काच घालतो," मी म्हणलं. "भोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट देतो. आणि तो लाल गोल नि खालचा शेरा तेवढा पुसून टाकतो, म्हणजे कसं स्वच्छ दिसेल."

वैनींनी माझ्या हातातून पान परत घेतलं, पदरानं त्याची कड टिपली आणि मग सरांच्या हातात दिलं.

"मास्तर, तुमी ह्याच्याजवळ हुभं ऱ्हावा, काच बसंपत्तुर," त्या म्हणाल्या. "ह्यो पुन्ना पुसंल. त्या लाल रेघंवर माझा दीर जेवलाय."